थडग्यांवरील अक्षरे आणि घराण्यांच्या कहाण्या



गावाच्या दप्तरात काय काय असते हे येथे जमलेल्या मंडळींना सांगावयास नको. सातबारा, फेरफार, आकारबंद ही तर रोजच्या वापरातली कागदपत्रे. जन्ममृत्यूच्या नोंदींचा जुना गाव नमुना १४ ही अनेक ठिकाणी कपाटाच्या तळाशी सापडतो. जन्म व मृत्यू यांच्या नोंदणीचा आज लागू असलेला कायदा १९६९ सालचा आहे. त्याच्याही मागे जावे तसतशा नोंदी विरळ होत जातात आणि अखेर संपतात. ज्या घराण्यापाशी वतन होते त्याचे महजर, सनदा, करीने कोठे ना कोठे जपले गेले. ज्याच्यापाशी वतन नव्हते, तो मनुष्य मात्र दप्तराच्या दृष्टीने जणू जन्मलाच नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी दप्तरे उघडण्यात आली, तेव्हा पणजोबाच्या एका ओळीच्या नोंदीला किती मोल असते आणि मोडी वाचणाऱ्यांची वाण किती आहे, या दोन्ही गोष्टी एकदमच ध्यानात आल्या.

याखेरीज आणखी एक दप्तर गावाबाहेर, उघड्यावर, ऊनपाऊस सोशीत पडलेले असते. त्याला कुलूप नाही, अनुक्रमणिका नाही आणि त्याची दुसरी प्रतही नाही. ते दप्तर म्हणजे जुन्या थडग्यांवरील, समाध्यांवरील व स्मृतिशिळांवरील अक्षरे.

महाराष्ट्रात दहनाची रूढी अधिक असल्यामुळे बहुसंख्य लोकांच्या स्मृतीला दगड लाभला नाही. लिंगायत, गोसावी, नाथपंथी यांच्यात दफनाची चाल आहे. मुसलमान, ख्रिस्ती व ज्यू यांच्यात ती आहेच. दहन झालेल्यांपैकी जे लढाईत पडले त्यांच्यासाठी वीरगळ उभारले गेले. वीरगळांवर खालच्या चौकटीत लढाई, त्यावर अप्सरांनी वीराला स्वर्गी नेणे, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर सूर्यचंद्र, असा सर्वसाधारण क्रम दिसतो. बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्धही कोरलेले आहे. परंतु आपल्याकडील बहुतेक वीरगळांवर नाव नसते. वीराचे शौर्य कळते, घराणे कळत नाही. सबब घराण्याचा शोध ज्याला घ्यावयाचा आहे त्याला अक्षरे असलेल्या दगडांकडेच वळावे लागते.

अशा दगडांची नोंद घेण्याचे काम पूर्वी झालेच नाही असे नाही. डॉ. जेरसन द कुन्या यांनी १८७६ साली चौल व वसई येथील अवशेषांवर ग्रंथ लिहिला, त्यात वसईच्या किल्ल्यातील चर्चांमधल्या पोर्तुगीज थडग्यांचे लेखही नोंदले. मध्य प्रांत व वऱ्हाडातील थडग्यांवरील लेखांची यादी ओ. एस. क्रॉफ्टन यांनी तयार केली. ती १९३२ मध्ये नागपुरास छापली गेली. ही कामे मोलाची खरी, पण त्यांची नजर प्रामुख्याने युरोपियनांच्या दगडांवर होती. एतद्देशीयांच्या थडग्यांकडे त्यांपैकी फारसे कोणी पाहिले नाही.

एक दगड इतका बोलका आहे की त्याच्यापाशी थोडे थांबल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. अजिंठा गावात पारो नावाच्या स्त्रीची कबर आहे. तिच्यावरील इंग्रजी लेखात तिचे नाव आहे, २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख आहे आणि ती आपल्याला प्रिय होती एवढा उल्लेख आहे. बापाचे नाव नाही, गाव नाही, जात नाही, वय नाही. दगड बसविणारा मनुष्य रॉबर्ट गिल. मद्रासच्या सैन्यातील हा अधिकारी अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ साली नेमला गेला आणि अजिंठा गावच्या बारादरीत राहू लागला. वर्षानुवर्षे खपून त्याने मोठमोठ्या पटांवर नकला उतरविल्या. त्या विलायतेस पाठविण्यात आल्या. डिसेंबर १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तेथे मांडलेल्या नकला जळून गेल्या. तेथे न मांडलेल्या थोड्याच वाचल्या. आयुष्याचे काम राख झाले. गावातला साधा दगड राहिला.

गिलचा स्वतःचा दगड तेथे नाही. १८७९ साली तो वारला आणि त्याला भुसावळ येथे पुरण्यात आले. त्याला युरोपीय पत्नी व मुले होती. त्याची माहिती सैन्याच्या कागदांत, पत्रव्यवहारात, छायाचित्रांच्या पुस्तकांत मिळते. पारोची माहिती त्या एका दगडावर आहे. बाकीचे सारे लोकांनी सांगितलेले. ना. धों. महानोर यांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य १९८४ मध्ये लिहिले, २०१२ मध्ये त्यावर चित्रपट निघाला आणि पारोची कहाणी घरोघर पोहोचली. काव्याने आपले काम केले. इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने मात्र मुलांना त्या दगडापुढे उभे करताना दगडाने सांगितलेले कोणते आणि कवीने रचलेले कोणते, याची फोड करून दाखविली पाहिजे. पारो अमुक जमातीची होती असे पुष्कळ जण छातीठोकपणे सांगतात. दगड त्याविषयी मुका आहे.

आता रायगड जिल्ह्याकडे, म्हणजे १९८१ पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याकडे वळू. थडग्यावरील अक्षरे आणि घराण्याचा इतिहास यांचा संबंध जेवढा येथे दिसतो तेवढा महाराष्ट्रात क्वचितच दिसेल. अलिबाग, पेण, पनवेल, रेवदंडा, रोहे या भागांत बेने इस्रायल समाजाची जुनी वस्ती होती. ‘बेने इस्रायल’ म्हणजे इस्रायलची लेकरे. हे लोक घरी मराठी बोलत, बायका नऊवारी नेसत आणि पुष्कळ कुटुंबांत घाण्याचा धंदा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. अलिबागेत आजही इस्रायल आळी आहे.

समाजाची परंपरा अशी सांगते की, पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि बुडालेल्यांची प्रेते किनाऱ्यावर पुरण्यात आली. हे केव्हा घडले याविषयी विद्वानांत एकमत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात पश्चिम आशियातील ज्यू व भारतीय असे दोन्ही वंशांश ठळकपणे आढळले. नवगावची ती जुनी दफनभूमी म्हणजे मूळ पुरुषांचे स्थान मानले जाते. तेथील सर्वांत जुन्या उंचवट्यांवर अक्षर नाही. ज्या समाजाने सारे धर्मग्रंथ गमावले, हिब्रू भाषा गमावली आणि केवळ शनिवारचा विसावा, सुंता, उपास व ‘शेमा’ ही प्रार्थना एवढ्या बळावर आपले वेगळेपण टिकविले, त्याने दगडावर लिहावे तरी काय आणि कोणत्या लिपीत?

अक्षरे आली ती पुढे. कोचीनहून ज्यू शिक्षक आले, मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. तो फारसा साधला नाही, मात्र बेने इस्रायल मंडळी हिब्रू वाचू लागली. पुढे जोसेफ एझिकेल राजपूरकर यांच्यासारख्यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. या साऱ्या घडामोडींचे पडसाद दगडांवर उमटले. एकाच शिळेवर हिब्रू आणि देवनागरी, पुढे त्यांच्या जोडीला इंग्रजी, असे लेख दिसू लागले.

या लेखांतील पहिली वाचण्याची गोष्ट म्हणजे आडनाव. पेणकर, रोहेकर, आष्टमकर, झिराडकर, वाक्रुळकर, आपटेकर, नवगावकर, केहीमकर, दिवेकर, राजपूरकर अशी शंभराहून अधिक ‘कर’कारान्त आडनावे या समाजात आहेत. प्रत्येक आडनाव म्हणजे एक गाव. कोणे एके काळी घराणे कोठे राहत होते, हे आडनाव सांगते. मरणाच्या वेळी ते कोठे पोहोचले होते, हे दफनभूमी सांगते. पेणकरांचे थडगे पुण्यास सापडले की त्या दोन ठिकाणांच्या मध्ये एका कुटुंबाचा प्रवास उभा राहतो. हुद्दा लिहिलेला असेल तर त्याचे कारणही कळते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या समाजातील पुष्कळ तरुण कंपनीच्या मुंबई पलटणींत शिरले आणि सुभेदार, सुभेदार-मेजर अशा हुद्द्यांपर्यंत चढले. पुढील पिढ्या रेल्वे, टपाल, बांधकाम खाते, इस्पितळे व शाळा यांत आल्या. कराचीच्या मेवाशाह दफनभूमीतही बेने इस्रायलांची थडगी आहेत आणि त्यांतील काहींवर मराठी अक्षरे आहेत. कोकणातून निघालेल्या माणसाची मायबोली त्याच्याबरोबर सिंधपर्यंत गेली.

दुसरी गोष्ट नावाची. जुन्या पिढ्यांत बायबलमधील नावांना मराठी वळण मिळालेले होते. सॅम्युएलचा सामाजी, एझिकेलचा हसाजी, अब्राहमचा अबाजी, आयझॅकचा इसाजी, एलायजाचा एलोजी. स्त्रियांची नावे तर पुष्कळदा शेजारच्या हिंदू बायकांच्या नावांसारखीच असत. एकोणिसाव्या शतकात हिब्रूचे शिक्षण वाढले तशी नावे मूळ रूपाकडे परतू लागली. आजा हसाजी आणि नातू एझिकेल, ही नावे एकच आहेत हे ज्याला ठाऊक नाही तो वंशावळ जुळविताना हमखास ठेचकाळतो. मुंबईतील पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे कमांडंट सामाजी हसाजी दिवेकर यांचेच उदाहरण घ्यावे. म्हैसूरच्या लढाईत ते कैद झाले होते. सुटून आल्यावर त्यांनी हे प्रार्थनामंदिर उभारले. इंग्रजी कागदांत ते सॅम्युएल एझिकेल दिवेकर म्हणून येतात आणि मुंबईचा सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा. कागद शोधणाऱ्याने दोन नावे पाहून दोन माणसे मानली तर तो दोष कागदाचा म्हणता यावयाचा नाही.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मराठी रीतीप्रमाणे विवाहित स्त्रीच्या नावापुढे नवऱ्याचे नाव येते. माहेर पुसले जाते. हिब्रूची रीत निराळी. तेथे पुरुष ‘अमक्याचा बेन’ म्हणजे पुत्र आणि स्त्री ‘अमक्याची बत’ म्हणजे कन्या. म्हणून परंपरेप्रमाणे कोरलेल्या द्वैभाषिक लेखात मराठी ओळ तिचे सासर सांगते, तर हिब्रू ओळ तिच्या बापाचे नाव राखते. केवळ देवनागरी ओळ उतरून घेणारा मनुष्य त्या बाईचे अर्धे घराणे दगडावरच सोडून येतो.

आईकडील वंशाचा हा प्रश्न केवळ अभ्यासकाच्या हौसेचा राहिलेला नाही. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यावर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तेथे गेली. ज्यू धर्मशास्त्रात वंश आईकडून मोजतात. १९६२ साली तेथील प्रमुख धर्मपीठाने बेने इस्रायल वधूवरांच्या विवाहापूर्वी त्यांच्या मागील पिढ्यांची, विशेषतः आईकडच्या बाजूची, चौकशी करावी असा निर्देश दिला. ज्यांच्या पूर्वजांनी कोकणात शतकानुशतके शनिवार पाळला त्यांच्या मुलांना आपले ज्यूपण सिद्ध करावे लागणार होते. समाजात मोठा क्षोभ उसळला. १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचे स्पष्ट केले आणि वाद निवळला. परंतु त्या दोन वर्षांत पणजीचे नाव काय, तिचा बाप कोण, हे प्रश्न किती घरांत विचारले गेले असतील याची कल्पना करावी. उत्तर शोधावयाचे तर सिनेगॉगमधील नोंदवह्या, विवाहाचे करारपत्र आणि रायगड जिल्ह्यातील हे दगड यांवाचून दुसरे साधन कोणते होते?

महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. समाज आता येथे थोड्या हजारांच्या घरात आहे आणि त्यातील बरीच वस्ती मुंबई व ठाणे परिसरात. ज्या खेड्यांची नावे हे लोक आडनाव म्हणून मिरवितात त्यांपैकी पुष्कळ खेड्यांत आज एकही बेने इस्रायल घर उरलेले नाही. दफनभूमी उरली आहे. तिच्याकडे पाहणारे डोळे गावकऱ्यांचेच. कोकणातला पाऊस, त्यावर वाढणारे शेवाळ, करवंदीच्या जाळ्या आणि मोकाट गुरे, एवढ्यांना तोंड देत मऊ दगडावरचे अक्षर फार काळ तग धरीत नाही.

येथे ग्रामपंचायतीचा संबंध येतो. स्मशानभूमी व दफनभूमी यांची व्यवस्था ही ग्रामपंचायत अधिनियमाने पंचायतीकडे सोपविलेल्या कामांपैकी एक आहे. जी दफनभूमी एखाद्या समाजाच्या किंवा विश्वस्त संस्थेच्या ताब्यात आहे तेथे त्यांच्या संमतीनेच पाऊल टाकावे, हे सांगणे न लगे. पण कुंपण, पायवाट, झुडपांची सफाई, आणि मुख्य म्हणजे लेखांची नोंद, ही कामे गावाच्या सहकार्याने सहज होण्याजोगी आहेत. फार मोठा खर्च यास लागत नाही.

सफाईच्या उत्साहात मात्र फार नासधूस होते. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत ऑइल पेंट भरतात, चुना फासतात, तारेच्या ब्रशाने घासतात. कोणी आम्लही ओततात. यांपैकी काहीही करू नये. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपे पडते तेव्हा पुसट अक्षरेही वाचता येतात. दगडावर नुसते पाणी शिंपडले तरी पुष्कळ उलगडा होतो. छायाचित्र समोरून घ्यावे व एक बाजूने घ्यावे. मग ओळ जशी आहे तशी, शुद्धलेखनाच्या चुकांसह, उतरून घ्यावी. पाथरवटाला लिहिता येत होतेच असे नाही. त्याने चुकीची वेलांटी दिली असेल तर तीही नोंदावी, कारण त्या काळी ते नाव कसे उच्चारीत असत याचा पुरावा कदाचित त्या चुकीतच असतो. मास्तरांना मुलांच्या वह्या तपासण्याची सवय असते. येथे ती आवरावी लागते.

कालगणनेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. शके असेल तर त्यात ७८ मिळवावे. पौषापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल आणि इसवी सन उलटला असेल तर ७९. हिब्रू लेखांत वर्ष आकड्यांनी न लिहिता अक्षरांनी लिहिण्याची रीत आहे, कारण त्या लिपीत प्रत्येक अक्षराला अंकाचे मोल असते. त्यातही पाच हजारांचा आकडा बहुधा गाळलेला असतो. अक्षरांची बेरीज ६६० आली तर वर्ष ५६६० समजावे आणि त्यातून ३७६० वजा केले की १९०० साल मिळते. ज्यूंचे नवे वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास सुरू होते. तेव्हापासून डिसेंबरअखेरचा मृत्यू असेल तर ३७६१ वजा करावे लागतात. माथ्यावर ‘पे’ आणि ‘नून’ अशी दोन हिब्रू अक्षरे दिसली तर ‘येथे पुरलेला आहे’ या शब्दांचा तो संक्षेप होय. तळाशी पाच अक्षरांचा एक गट असतो, त्यात मृताचा आत्मा जीवितांच्या गाठोड्यात बांधलेला राहो अशी प्रार्थना आहे. हिब्रू येत नसले तरी या खुणा ओळखता येतात आणि हिब्रू ओळींचे स्पष्ट छायाचित्र घेऊन जाणकाराकडे पाठविता येते.

अशी नोंद तयार झाली की तिची एक प्रत पंचायतीत, एक शाळेत आणि एक संबंधित सिनेगॉगकडे ठेवावी. दगडाला क्रमांक द्यावयाचा तो नकाशावर, दगडावर नव्हे. त्या गावचे आडनाव लावणारी मंडळी अधूनमधून परदेशातून येतात. त्यांच्यापैकी वडीलधारी अजून मराठी बोलतात, धाकट्यांना ती येतेच असे नाही. हातात आजोबाचे नाव लिहिलेला एक कागद असतो आणि ते नाव कागदावर बहुधा रोमन लिपीत असते, दगडावर देवनागरीत. अशा वेळी पंचायतीच्या शिपायाला किंवा शाळेतल्या एखाद्या मुलाला ती रांग ठाऊक असेल तर दिवसभराची वणवण वाचते. ज्यू लोकांत कबरीवर फुले वाहण्यापेक्षा एखादा लहानसा खडा ठेवून जाण्याची चाल आहे. एखाद्या दगडावर असे खडे मांडलेले आढळले तर केर समजून ते झाडून टाकू नयेत, एवढे सफाईच्या कामावरील माणसांना आधी सांगून ठेवावे.